बोरमाळेतले नऊ मणी

ढेकणांमुळे सगळं उघडं पडलं. एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. सोलापुरात आम्ही तीन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत होतो. मी, हे, आणि सासूबाई. मामंजी बहुतेक गावाकडेच असत. हे कचेरीत कारकून होते. त्या वर्षी पावसाळा संपल्यापासून घरात ढेकूण इतके झाले की पलंगाच्या खाचांत, भिंतींच्या फटीत, देवाच्या फळीखालीसुद्धा सापडायचे. रॉकेल चोळून झालं, उकळतं पाणी ओतून झालं. शेवटी समोरच्या घरातल्या कंपाउंडरनं सांगितलं, की खोल्या बंद करून गंधकाची धुरी द्या आणि दिवसभर घरात फिरकू नका.

पौषात कुंभारीला ह्यांच्या एका स्नेह्याच्या शेतावर हुरड्याचं बोलावणं होतं. तोच दिवस सासूबाईंनी धुरीसाठी धरला. आदल्या दिवशी आम्ही धान्य, पांघरुणं, तांब्यापितळेची भांडी शेजारी नेऊन ठेवली. सकाळी खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या, घमेल्यात निखाऱ्यांवर गंधक टाकलं, दार ओढून घेतलं आणि बैलगाडीत बसलो. शेतावर दिवस छान गेला. संध्याकाळी परत आलो तर घरात पाऊल ठेववेना, घसा धरत होता. ढेकूण मात्र मेले.

भिंतीतल्या फडताळात सासूबाईंची शिसवी पेटी होती. दागिन्यांची. ती बाहेर काढायची राहिली. फडताळाला कुलूप, किल्ली सासूबाईंच्या कमरेला. त्यामुळे मला ती काढायचं सुचलंच नाही, आणि कुलपातली वस्तू कुठं जाते म्हणून त्यांनीही काढली नसावी.

सासूबाईंना दागिन्यांचा फार सोस होता असं नाही. होतेच थोडे. पण जे होते ते कसे ठेवायचे ह्याबद्दल त्या फार कडक. वर्षातून दोनदा दागिने धुवायचे, दसऱ्याच्या आधी आणि संक्रांतीच्या आधी. सोन्याला रिठ्याचं कोमट पाणी. चांदीला चिंच आणि राख. मोत्यांना ह्यातलं काहीच नाही. मोती जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं नुसते कोरडे पुसायचे. मी नवी असताना एकदा नथ चिंचेच्या पाण्यात घालायला निघाले, तेव्हा त्यांनी माझं मनगटच धरलं होतं. "मोती आंबटानं मरतो," त्या म्हणाल्या होत्या. धुतलेलं सगळं सावलीत सुकवायचं, उन्हात नाही. मग प्रत्येक वस्तू वेगळ्या मलमलीच्या पिशवीत. चांदीच्या पिशवीत कापराची वडी, मोत्यांच्या पिशवीत कापूर चुकूनही नाही.

सगळ्यांत कटकटीची माझी बोरमाळ. ती माझ्या माहेरची, लग्नात घातलेली. बोराएवढाले एकवीस मणी, वरून सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख भरलेली. दोन मण्यांच्या मध्ये एकेक पोवळं. खाली दोन मोत्यांचा लोलक. ओवलेली लाल रेशमात. गरम पाणी लावलं तर लाख पाघळणार, रिठ्यात बुडवली तर रेशीम कुजणार, घासली तर पोवळ्यांवर चरे पडणार. म्हणून ती मांडीवर घेऊन, ओल्या फडक्यानं एकेक मणी बोटात फिरवत पुसायची आणि लगेच कोरडी करायची. त्याला अख्खी दुपार जायची.

संक्रांतीच्या आधी चार दिवस सासूबाईंनी पेटी उघडली. मी रिठ्याचं पाणी घेऊन शेजारी बसले होते. चांदीचे करंडे, जोडवी, पैंजण काळे ठिक्कर पडले होते. सासूबाई म्हणाल्या, "गंधकानं. माझीच चूक." त्यांच्या पाटल्या निघाल्या, त्या जशाच्या तशा. माझी गळ्यातली सोन्याची एकदाणी निघाली, तीही तशीच. मग त्यांनी बोरमाळेची पिशवी सोडली.

लाल रेशीम फिक्कट गुलाबी झालं होतं. मोत्यांचं पाणी गेलं होतं. आणि मण्यांतले काही मणी पिवळे आणि काही काळपट, जांभळट डागांचे.

सासूबाईंनी माळ खिडकीकडे धरली. मग ओलं फडकं राखेत बुडवून एका काळ्या मण्यावर जरा जोरात घासलं. काळं गेलं, त्याबरोबर पिवळंही गेलं, आणि खालून पांढरं निघालं.

"ही चांदी आहे," त्या म्हणाल्या. "वरून मुलामा."

त्यांनी काळे मणी मोजले. नऊ भरले. ते एका ठिकाणी नव्हते, माळभर विखुरलेले होते. त्यांनी पुन्हा मोजले आणि माळ परातीत ठेवली.

"ही पेटीतून कुणी काढली होती?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "किल्ली तुमच्याकडेच असते."

"मी सांगोल्याला गेले होते तेव्हा तुझ्याकडे होती."

ते खरं होतं. दसऱ्याच्या आधी त्या आठ दिवस सांगोल्याला बहिणीकडे गेल्या होत्या आणि किल्ली मला देऊन गेल्या होत्या. जाताना सांगितलं होतं, बोरमाळेचं रेशीम विरलंय, तेवढी ओवून घे. ओवायला एक बाई यायची. साळ्यांच्या गल्लीत राहणारी, घरात तेलुगू बोलणारी, विणकराची बायको. रेशमाच्या धाग्याशी लहानपणापासून सवय, म्हणून तिनं दागिने गाठवायचं काम धरलं होतं. आमच्या आळीत सगळ्या तिला पटवेकरीणच म्हणत. ओसरीवर बसायची, पायाच्या अंगठ्याला धागा अडकवायची आणि बोलता बोलता काम करायची. माझ्या लग्नापासून ती बोरमाळ तिच्याच हाताखालून जात होती.

"इथंच बसून ओवली ना तिनं?" सासूबाईंनी विचारलं.

त्या दिवशी तिच्याजवळचं लाल रेशीम अर्ध्यात संपलं होतं. ती म्हणाली, घरी नेते, उद्या आणून देते. मी दिली होती. दुसऱ्या दिवशी तिनं आणूनही दिली. सासूबाईंना मात्र मी ते सांगितलं नव्हतं, कारण दागिना उंबऱ्याबाहेर द्यायचा नाही हा त्यांचा नियम होता.

मी सांगितलं. सासूबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात पटवेकरणीबद्दल जेवढं होतं तेवढंच माझ्याबद्दल होतं, असं मला वाटलं. आजही वाटतं.

हे कचेरीतून आले तेव्हा माळ त्यांच्यापुढे ठेवली. हे म्हणाले, "मग पोलिसांत वर्दी देऊ."

"नको," सासूबाई म्हणाल्या.

"निदान सोनाराला दाखवू. कसाला लावून बघेल, कुठले मणी कसे ते कळेल."

"सोनाराला तर मुळीच नको. गावभर होईल."

त्यांनी ते इतक्या चटकन म्हटलं की मला खटकलं. चोरी झाली आहे, चोर माहीत आहे, आणि घरची मोठी बाई पोलीसही नको म्हणते आणि सोनारही नको म्हणते. का?

दुसऱ्या दिवशी पटवेकरणीला बोलावणं गेलं. ती आली, नेहमीसारखी ओसरीवर बसायला लागली, तर सासूबाई म्हणाल्या, "बसू नकोस. हे बघ." तिनं माळ हातात घेतली. मणी फिरवून फिरवून पाहिले. मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही काहीतरी सांगणार. पण ती सासूबाईंकडे वळली.

"अम्मा, माज्या हातनं असं झालं न्हाय."

"घरी कशाला नेलीस?"

"रेसीम सरलं व्हतं. ह्या वैनींनी दिली म्हून नेली."

"आणि नऊ मणी बदलून आणलेस."

"न्हाय, अम्मा."

"मग कुणी बदलले? मी? का हिनं?"

माळ तिनं जपून परातीत ठेवली, धाग्यांच्या रिळांची पिशवी खांद्याला लावली आणि निघून गेली. रडली नाही, शपथा घेतल्या नाहीत, ह्याचंच सासूबाईंनी पुढं भांडवल केलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आळीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. वाण देता देता सासूबाईंनी सांगितलं, तिच्या हातात काही देऊ नका, हात चांगला नाही. नऊ मण्यांचं नाव काढलं नाही, बोरमाळेचं नाव काढलं नाही. तेवढंच म्हणाल्या. तेवढं पुरे होतं. आळीत तिचं येणं बंद झालं.

माझ्या डोक्यातून मात्र ते दोन नकार जात नव्हते. आदल्या वर्षी माझ्या नणंदेचं लग्न झालं होतं. तिला सोन्याचा जाड गोफ घातला होता. त्याचं सोनं कुठून आलं, हे मी कधी विचारलं नव्हतं. सुनेनं विचारायचंही नसतं. आता मी विचार करू लागले. किल्ली वर्षातले तीनशे दिवस कुणाच्या कमरेला? माझे मणी काढून तिथं मुलाम्याचे बसवायला सवड कुणाला होती? पोलीस कुणाला नको होते?

एकदा असं मनात आलं की मग सगळंच तसं दिसायला लागतं. सासूबाई फडताळ उघडायला गेल्या की मी काही ना काही निमित्तानं तिथं जायची. त्यांच्या लक्षात आलं. त्याही मी माजघरात असले की दोनदा किल्ली चाचपून बघू लागल्या. आम्ही दोघी एकाच चुलीवर स्वयंपाक करत होतो, एका ताटलीत भाजी निवडत होतो, आणि एकमेकींचे हात बघत होतो. ह्यांना काही कळत नव्हतं. एकदा म्हणाले, "तुमच्यात काही झालंय का?" आम्ही दोघीही एकदम "काही नाही" म्हणालो.

मला पुरावा हवा होता. शिवरात्रीला देवदर्शनाला जाते म्हणून निघाले आणि साळ्यांच्या गल्लीत गेले. तोवर मी तिच्या घरी कधी गेले नव्हते. गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांचे खटके. विचारत विचारत तिचं दार सापडलं. आत तिचा नवरा मागाच्या खड्ड्यात बसून विणत होता. ती दाराशी सूत गुंडाळत होती. मला पाहून ती उठली नाही.

मी सरळच विचारलं. "सासूबाईंनी तुला कधी वेगळे मणी आणून दिले होते का? हे काढ, हे घाल, असं म्हणून?"

ती चकित झाली. मग म्हणाली, "तुमी सासूवर घेता व्हय?"

"तू सांग."

"तुमच्या सासूनं मला मणी दिले न्हाईत. कुणीच दिले न्हाईत. ते मणी पैल्यापासनं तसंच हाईत."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"तुमी लगीन होऊन आला, तवापासनं."

मला तिचं बोलणं समजायलाच वेळ लागला. ती सावकाश, जसं लहान मुलाला सांगावं तसं सांगत गेली. सोन्याच्या मण्याचं भोक आतपर्यंत पिवळं असतं. मुलाम्याच्या मण्याला भोकाच्या कडेला मुलामा टिकत नाही, धागा घासून घासून पांढरं दिसायला लागतं. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा तिनं ती माळ सोडली तेव्हा मानेकडचे दहा मणी कडेला पांढरे दिसले. समोरचे अकरा चोख होते.

"मानंला घाम, केसाचं तेल. तितं मुलामा लवकर जातो. मग मी ते दाही मणी हिकडं तिकडं ओवले, सोन्याच्या मदी मदी. म्हनलं, दिसायचं न्हाय."

"आणि कुणाला बोलली नाहीस?"

"कुणाला बोलू? नव्या नवरीला? का तिच्या सासूला?" ती म्हणाली. "आनि आता बगा. काळे मणी नऊ. मी पैल्यांदा धा बगितले व्हते. मदी एकदा माळ सोडली तर गाठ माजी नव्हती, दुसऱ्याच कुणाची तरी, आनि पांढरे मणी नऊच. म्हंजी कुणी सोनं काढत न्हाय, अम्मा. कुणीतरी सोनं घालतंय."

मी उठले. तिच्यावर माझा विश्वास बसला नाही. चोर सापडला की असंच काहीतरी गुंतागुंतीचं सांगतो, असं मी मनाशी म्हटलं. माझे वडील करकंबला शाळामास्तर होते. उधारीवर वाण्याकडून चिमूटभर हिंगसुद्धा न आणणारा माणूस. त्यांनी व्याह्यांना फसवलं, असं ही बाई मला माझ्या तोंडावर सांगत होती. घरी येताना मी इतकी भरभर चालले की वाटेत चपलेचा अंगठा तुटला.

तरीही तिचं ते गाठीचं बोलणं मला रुतून बसलं. दहाचे नऊ. खोटं बोलायचं तर असलं खोटं कोण रचेल? नऊच होते असं म्हणाली असती.

चैत्रात मी माहेरी गेले. जाताना सासूबाईंनी बोरमाळ माझ्या हातात दिली नाही आणि मीही मागितली नाही. पोचल्या पोचल्या आईनं माझा गळा पाहिला. "बोरमाळ नाही आणलीस?" दर खेपेला ती बोरमाळ घालून ये म्हणून निरोप पाठवायची. मला वाटायचं, गावातल्या बायकांना दाखवायला. ह्या वेळी तिच्या तोंडून तो प्रश्न आला आणि मला पटवेकरणीनं सांगितलेली ती दुसरी गाठ आठवली.

वडील शाळेत गेल्यावर मी परसात तिच्यासमोर बसले. ती डाळ पाखडत होती.

"आई, बोरमाळेत मुलाम्याचे मणी किती होते?"

तिचं सूप थांबलं. तिनं कोण म्हणालं, कशानं कळलं, असं काही विचारलं नाही. म्हणाली, "दहा."

मग ती सांगत राहिली. माझ्या सासरच्यांनी एकवीस मण्यांची बोरमाळ सांगितली होती. वडील हो म्हणून आले होते. घरातलं सोनं माझ्या थोरल्या बहिणींच्या लग्नात गेलं होतं. उरलेलं आणि आईच्या अंगावरचं मोडून अकराच मणी झाले. वडिलांना सांगितलं असतं तर ते जाऊन व्याह्यांना स्पष्ट म्हणाले असते की जमत नाही, आणि लग्न मोडलं असतं. म्हणून तिनं सोनाराला परस्पर सांगितलं की दहा चांदीचे कर, मुलामा दे, आणि मागं घाल. वडिलांना तेव्हाही माहीत नव्हतं, आताही नव्हतं.

"मला वाटलं, तू येत राहशील, मी एकेक बदलून देईन. दहा खेपांत माळ चोख होईल. एकच बदलता आला बघ. तुझ्या दुसऱ्या खेपेला, तू झोपली होतीस तेव्हा सोनाराकडून आणला." तिनं कान चाचपला. तिच्या कानांत कुड्या नव्हत्या. त्या कधी गेल्या हे मी पाहिलंच नव्हतं.

मला राग येत होता, पण तो धरायला जागा नव्हती. चोर निघाला असता तर बरं झालं असतं, असं मला खरोखर वाटलं. पटवेकरीण निघाली असती, सासूबाई निघाल्या असत्या, तरी चाललं असतं. आई म्हणाली, "तुझ्या वडिलांना सांगू नकोस. सासूबाईंना काय सांगायचं ते तू ठरव."

ठरवायला मी फार दिवस लावले, हे कबूल करायला हवं. सोलापूरला परत आले ते चैत्र संपता संपता. सगळा वैशाख आणि ज्येष्ठ मी तोंड उघडलं नाही. रोज वाटायचं, आज सांगू. मग आईचा चेहरा यायचा. मधूनच आळीत कुणीतरी पटवेकरणीचा विषय काढायचं, तिचं आता वरच्या पेठेतही काम बंद झालंय म्हणायचं, आणि मी पाण्याला जायचं निमित्त करून उठायची.

शेवटी आषाढात, दुपारी, सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. मी जाऊन समोर बसले आणि सगळं सांगितलं. दहा मणी, बदललेला एक, आईच्या कुड्या. मला वाटलं होतं त्या संतापतील, माझ्या माहेराचा उद्धार करतील.

त्यांच्या हातातली वात थांबलीसुद्धा नाही. "मला त्याच दिवशी वाटलं होतं," त्या म्हणाल्या.

"कोणत्या दिवशी?"

"पेटी उघडली त्याच. मणी बदलायला कुणी चोर इतकी उस्तवार करत नाही. लाख भरलेला मणी, तस्साच हुबेहूब. तो मूळच्याच सोनाराच्या हातचा असणार."

"मग तिच्यावर आळ का घेतलात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "व्याह्यांवर घ्यायला हवा होता का? ह्यानं पोलीस आणले असते, सोनार आणला असता, तुझ्या बापाची काय शोभा झाली असती? आणि तुझी? तुला ह्या घरात राहायचं होतं ना?"

मी इतके महिने ज्यांना चोर समजत होते त्या मला वाचवत होत्या, आणि वाचवण्यासाठी त्यांनी दुसरीला चोर केलं होतं. धीर करून मी नणंदेच्या गोफाचंही विचारून घेतलं. त्या हसल्या. त्यांनी हात पुढे केले. पूर्वी पाटल्यांच्या मागे सोन्याचे गोठ असायचे, तिथं आता नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या. "तू माझे हात बघत होतीस महिनोन्महिने," त्या म्हणाल्या, "हे दिसलं नाही?"

मी म्हटलं, तिला बोलावून घ्या. त्या नाही म्हणाल्या. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी श्रावणातल्या शुक्रवारी हळदीकुंकवाला बायका आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं, की त्या वेळी आपली समजूत चुकली, तिचा काही दोष नव्हता. खरं कारण सांगितलं नाही. त्यामुळे झालं असं की निम्म्या बायका म्हणाल्या, पोलिसांच्या भीतीनं तिनं माल परत केला असेल. आजन्म त्या आळीतल्या काही घरांनी तिला पुन्हा काम दिलं नाही. पोटातली गोष्ट पोटातच ठेवून कुणाचं नाव धुऊन निघत नाही.

आमच्या घरापुरतं सांगायचं तर सासूबाईंनी माझ्यासाठी एक वेगळी पेटी घेतली. माझे दागिने तीत, किल्ली माझ्याकडे. त्यांनी ते माझ्यावर विश्वास टाकला म्हणून केलं, का माझ्या माहेरचं सोनं आपल्या सोन्यात नको म्हणून केलं, हे मला कधी कळलं नाही, आणि मी विचारलं नाही. त्या गेल्या तेव्हाही नाही.

काळे पडलेले मणी मी पुसून साफ केले, पण मुलामा गेला तो गेलाच. रेशीम तर हात लावताच तुटत होतं. माळ ओवायला हवी होती. मी पटवेकरणीला निरोप पाठवला. उत्तर आलं, येणार नाही. काम असेल तर घेऊन या.

मग मीच गेले. माफी मागायची म्हणून वाटेत वाक्यं जुळवली होती. दारात उभी राहिले आणि त्यातलं एकही आठवेना. "तुझं खरं होतं," एवढंच म्हटलं.

"मला ठाव हाय की," ती म्हणाली.

माळ तिच्या हातात देऊन मी उठू लागले. म्हटलं, उद्या येऊन घेऊन जाते. तिनं लगेच माळ माझ्या मांडीवर परत ठेवली.

"न्हाय. हितं बसा."

"अगं, मला घरी काम आहे."

"मग काम सरल्यावर या. माज्या म्होरं बसा, तुमच्या म्होरं सोडते, तुमच्या म्होरं ओवते. म्हागारी काय बी ठिवायचं न्हाय."

मी बसले. तिनं एक पांढरं फडकं आमच्या दोघींच्या मध्ये अंथरलं, जुना धागा कापला आणि मणी त्यावर सोडले. सोन्याचे बारा एकीकडे केले, मुलाम्याचे नऊ दुसरीकडे, पोवळी तिसरीकडे. मग मला मोजायला लावले. मी म्हटलं, मोजायची गरज नाही. ती हात मांडीवर ठेवून थांबून राहिली. मी मोजेपर्यंत तिनं सुई उचलली नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी तिच्याकडे जात राहिले. तिचे केस पांढरे झाले, नवऱ्याचा माग बंद पडला, मुलगा गिरणीत लागला. आमचं बोलणं पुष्कळ व्हायचं, ती चहा करायची, मुलाबाळांचं विचारायची. पण मी आले की आधी फडकं अंथरलं जायचं, आणि मी मोजल्याशिवाय काम सुरू व्हायचं नाही.